श्रद्धेचा रकाना कसा भरायचा? पंडिता रमाबाई, टिळक दांपत्य आणि पुराव्याचा प्रश्न



संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी आपण सगळेच 'व्हॅलिडिटी' पाठ करतो. जे मोजायचंय तेच आपलं साधन मोजतंय का, एवढाच त्याचा अर्थ. पेटला किंवा सेट-नेटला त्यावर प्रश्न येतो, आपण बरोबर पर्याय निवडतो आणि पुढे जातो. माझंही तसंच झालं होतं. त्याचा खरा अर्थ मला कळला तो माझ्याच एक्सेल शीटमधल्या एका रकान्यामुळे. आज त्या रकान्याची गोष्ट सांगतो. त्या निमित्ताने एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती माणसांकडेही बघू, कारण उत्तर मला त्यांच्याकडूनच मिळालं.

रकाना आणि त्यातली चूक

मी मूळचा संख्याशास्त्राचा. एम.एस्सी. झाल्यावर इतिहासाकडे वळलो. माझा विषय आहे दुष्काळ आणि धर्मांतर. आमच्या नरडाण्याहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार करत नवापूर येतं. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेली आदिवासी कुटुंबं आहेत. शाळेत असल्यापासून एक वाक्य कानावर पडायचं, "ते काय, पोटासाठी ख्रिस्ती झालेले." हे वाक्य खरं की खोटं, ते आकड्यांनी तपासू, असं मनात धरून मी पीएचडीला आलो.

पहिल्या वर्षी दिवाळीला घरी बसून मी शे-दीडशे नोंदींचा तक्ता केला. वर्ष, गाव, जात, बाप्तिस्म्याची तारीख हे रकाने भरले. शेवटच्या रकान्याला नाव दिलं 'धर्मांतराचं स्वरूप'. मनापासून असेल तर १, परिस्थितीमुळे असेल तर ०. आजी शेजारी शेंगा सोलत होती. काय करतोस म्हणून तिने विचारलं, मी सांगितलं. ती अहिराणीत एवढंच म्हणाली, "मनमा काय शे, ते कोनले ठाऊक?" मी हसलो आणि रकाना भरत राहिलो.

सुट्टीनंतर तक्ता मॅडमना दाखवला. त्यांनी विचारलं, "शेवटचा रकाना कशावरून भरलास?" मी सांगितलं, की दुष्काळाच्या वर्षात आलेले आणि मिशनकडून धान्य मिळालेले त्यांना शून्य दिलं. ज्यांनी आत्मचरित्र लिहिलं, पत्रं लिहिली, का बदललो ते सांगितलं, त्यांना एक. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तू श्रद्धा नाही मोजलीस. शिक्षण मोजलंस."

झालं. तक्ता बाजूला ठेवला आणि ज्यांना मी बेधडक 'एक' दिला होता त्यांचं लेखन नीट वाचायला बसलो. म्हटलं, यांच्या बाबतीत तरी आतलं आणि बाहेरचं जुळतंय का ते पाहू.

रमाबाई: तारीख कोणती धरायची?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. सोबत मुलगी मनोरमा होती, अडीच वर्षांची. त्या आधीच्या वर्षी रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला होता, हंटर कमिशनसमोर साक्ष दिली होती. पती बिपिनबिहारी मेधावी फेब्रुवारी १८८२ मध्येच वारले होते. संस्कृत पंडिता म्हणून देशभर गाजलेल्या बाईने ख्रिस्ती धर्म स्वीकारला म्हटल्यावर इकडे केवढा गदारोळ झाला असेल, याची कल्पना करता येते.

म्हणजे तक्त्यात नोंद सोपी आहे. तारीख आहे, ठिकाण आहे, चर्च आहे. पण १९०७ मध्ये रमाबाईंनी इंग्रजीत आपली 'साक्ष' लिहिली, आणि त्यात त्या वेगळंच सांगतात. बाप्तिस्म्यानंतरची जवळपास आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांच्या सांगण्याचा सारांश आहे. हा फरक त्यांना १८९१ च्या सुमारास जाणवला. त्याला विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन कारणीभूत झालं. हॅस्लमची गोष्टही मजेशीर आहे. तो आधीपासूनच पाद्री होता, चर्च चालवत होता. १८५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये स्वतःचं प्रवचन करता करता त्याचंच मन पालटलं. बाहेरचा सगळा पोशाख आधीच अंगावर होता, आतलं नंतर घडलं. रमाबाईंना त्यात स्वतःची ओळख पटली.

मग सांगा, माझ्या तक्त्यात रमाबाईंचं वर्ष कोणतं लिहू, १८८३ की १८९१?

"त्या स्वतः म्हणतात म्हणजे १८९१" असं उत्तर तुम्ही द्याल. मीही तेच लिहिलं होतं. पण थांबा. ही साक्ष १९०७ ची आहे. त्या आधी १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी धार्मिक जागृती होऊन गेली होती. पापाची जाणीव, रडणं, तासन्‌तास प्रार्थना, असं सगळं वातावरण रमाबाईंनी जवळून पाहिलं होतं. त्या अनुभवानंतर मागे वळून पाहताना १८८३ ची आपलीच श्रद्धा कोरडी वाटणं साहजिक आहे. म्हणून १८८३ च्या रमाबाईंना समजून घ्यायचं तर त्या काळात लिहिलेला कागद हवा. सुदैवाने तो आहे.

पुडिंग, क्रूस आणि आजीबाई

वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. दोघींचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला. संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी चाळावा असं मला वाटतं. कारण आतली श्रद्धा आणि बाहेरची खूण यांचा झगडा त्यात अगदी रोजच्या गोष्टींवरून चाललेला दिसतो.

रमाबाई शाकाहारी होत्या आणि ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगही त्यांना चालत नसे. जेराल्डिनना यात जातीचा उरलेला अभिमान दिसे. मन खरोखर बदललं असेल तर ताटही बदलायला हवं, असा त्यांचा हिशेब. रमाबाईंचं म्हणणं, की मी काय खाते याचा माझ्या ख्रिस्तावरच्या विश्वासाशी संबंध नाही. मी माझ्या लोकांच्या चालीरीती, जिथे त्या चुकीच्या नाहीत तिथे, का सोडाव्यात?

दुसरा वाद क्रूसाचा. गळ्यात घालायच्या क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये होती. रमाबाईंना ती संस्कृतात हवी होती. लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या जुन्या संस्कृतात नाही, असा त्यांचा सरळ सवाल होता. आणि त्या एक टोलाही हाणतात, की ब्राह्मण जसे संस्कृतला पवित्र मानतात तसंच तुमचं लॅटिनचं झालंय का? ज्या बाईने पवित्र भाषेचा दरारा आतून पाहिला होता तिलाच हे सुचू शकतं.

तिसरा वाद याहून मोठा. ख्रिस्ताला मानणं म्हणजे एका विशिष्ट चर्चची प्रत्येक गोष्ट मानणं नव्हे, असं रमाबाई ठामपणे लिहीत होत्या. त्रैक्याच्या सिद्धांतावरही त्यांच्या शंका होत्या. जेराल्डिनच्या दृष्टीने हे नम्रतेचा अभाव, म्हणजे पुन्हा आतलंच काहीतरी कच्चं. रमाबाईंच्या दृष्टीने सदसद्विवेकबुद्धी देवानेच दिलेली, ती दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देणं हाच अप्रामाणिकपणा.

आता ही १८८४-८५ ची पत्रं वाचून कुणाला वाटेल का, की ही बाई नुसत्या बाहेरून ख्रिस्ती आहे? १९०७ च्या रमाबाई स्वतःविषयी जे म्हणतात ते त्यांच्यापुरतं खरं आहेच. पण तरुण रमाबाईंच्या मनात श्रद्धेचा प्रश्न पेटलेला होता, हे त्याच वेळच्या कागदावर दिसतं. दोन्ही पुरावे त्यांचेच. दोन्ही खरे. एकाने दुसरा रद्द होत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ही पत्रं जमवून त्यांचा संग्रह केला तो जेराल्डिन यांनी. म्हणजे वादातल्या एका पक्षाने. असा संग्रह वाचताना कागद कुणी जपला आणि कशासाठी जपला, हे विचारायचंच. पण त्यातही एक गंमत आहे. एवढा वाद घालताना रमाबाई जेराल्डिनना 'आजीबाई' म्हणतात. वादावरून प्रेम नव्हतं असा निष्कर्ष काढाल तर तोही चुकेल.

उघडं दार

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. विधवा आणि निराधार मुलींची ही शाळा. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं असं ठरलेलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळावर होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसायला लागल्या. बोभाटा झाला. 'केसरी'तून कडक टीका झाली. ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या.

सगळा झगडा त्या दारावरून आहे. डोंगरावरील प्रवचनात येशूची शिकवण अशी, की चारचौघांना दिसावं म्हणून प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावा आणि कर. म्हणजे बंद दार ही मनाच्या खरेपणाची खूण. इकडे सल्लागारांनाही दार बंदच हवं होतं, पण वेगळ्या कारणासाठी. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी ठेवा, मुलींना दिसू देऊ नका. रमाबाईंची बाजू अशी, की मी कुणावर बळजबरी करत नाही, पण जे मनात आहे ते लपवणारही नाही. त्यांच्यासाठी उघडं दार हाच प्रामाणिकपणा.

एकच दार. एका ठिकाणी बंद दाराचा अर्थ खरेपणा, दुसऱ्या ठिकाणी लपवाछपवी. नुसतं दार उघडं होतं की बंद, एवढं रकान्यात लिहून काय कळणार? आजूबाजूला कोण उभं आहे, हे माहीत असल्याशिवाय खुणेला अर्थ नाही.

सल्लागारांना खलनायक ठरवू नका. तटस्थतेच्या शब्दावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या. तो शब्द पाळला जातोय का, हे विचारणं त्यांचं काम होतं. दोन प्रामाणिक बाजू एकमेकींसमोर आल्या होत्या. इतिहासात असे प्रसंग बरेच असतात.

टिळक दांपत्य: दोघांचा क्रम वेगळा

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्या आधी रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला होता, हा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. बाप्तिस्म्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे अहमदनगरला एकत्र आल्या तेव्हाही त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एका घरात दोन चुली.

'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाई हे सगळं ज्या मोकळेपणाने सांगतात, त्याला तोड नाही. सोवळं-ओवळं त्यांनी नवऱ्याच्या सांगण्यावरून सोडलं नाही, मिशनच्या दबावावरूनही नाही. जात माणसाने केली की देवाने, याचा स्वतःशी विचार करत त्या हळूहळू मोकळ्या झाल्या. मन आधी पालटलं, पाणी मग सुटलं, आणि बाप्तिस्मा त्याही नंतर, १९०० मध्ये झाला. रमाबाईंच्या नेमका उलट क्रम.

आणि टिळक? बाप्तिस्मा झाला, मिशनमध्ये वीसहून जास्त वर्षं काम केलं, मराठी चर्चला भजनं दिली, कीर्तन दिलं. मग १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्याचं वैशिष्ट्य असं, की ख्रिस्ताच्या मागे जाणाऱ्या कुणालाही त्यात जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. ज्या खुणेवर सगळ्या नोंदवह्या उभ्या आहेत तीच त्यांनी अट म्हणून काढून टाकली. ख्रिस्त हवा, पण साहेबाचा पोशाख नको, हे त्यांचं आधीपासूनचं म्हणणं इथे टोकाला गेलं. ९ मे १९१९ ला ते गेले, त्यामुळे दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. पण दरबारात आलेला बाप्तिस्मा न घेतलेला माणूस माझ्या तक्त्यात कुठे बसतो? कुठेच नाही. त्याची ओळच नाही.

त्या काळातली मोजयंत्रं: पाव, चहा, पाणी

हे वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. त्या काळात मन तपासायचं साधन सगळ्यांचं एकच होतं, खाणं-पिणं.

१८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद न मानणाऱ्यांची ही गुप्त संस्था. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन दाखवायचा. आत सुधारक, बाहेर मात्र सोवळ्यातलेच. बाबा पदमनजी या सभेत होते. १८५४ मध्ये बेळगावला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे 'अरुणोदय' या आत्मचरित्रात हे दिवस लिहिले. सभेची सभासदांची यादी चोरीला गेली आणि १८६० च्या सुमारास सभा मोडली. बाहेर कळेल या धास्तीपुढे आतली निष्ठा टिकली नाही.

१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा-बिस्किटं घेतली आणि ग्रामण्य झालं. रानडे आणि लोकमान्य टिळकांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. कपभर चहावरून धर्म मोजला गेला.

वाँटेजमध्ये पुडिंग, मुंबईत पाव, पुण्यात चहा, नगरला पाणी. मोजणारे हिंदू असोत की ख्रिस्ती, सुधारक असोत की सनातनी, साधन तेच. आणि वाचन प्रत्येकाचं वेगळं. रमाबाईंनी पुडिंग नाकारलं तर वाँटेजला त्या अर्ध्याच ख्रिस्ती, आणि तरीही पुण्यात त्या पुरत्या ख्रिस्ती.

माझ्या लक्षात आलं, की मी नवं काही केलेलंच नव्हतं. पाव आणि चहाच्या जागी मी दुष्काळाचं धान्य धरलं होतं, इतकंच.

शून्य आणि रिकामी जागा

आता मूळ प्रश्नाकडे. पोटासाठी ख्रिस्ती झालेल्यांचं काय?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, १९०० मध्ये गुजरातमधून आणल्या. ज्याला आजही तिकडे छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, विक्रम संवत १९५६ चा, तो हा. मुक्ती मिशनमध्ये त्या काळात दोन हजारांच्या आसपास माणसं होती. त्यातल्या बहुतेक मुलींनी स्वतःविषयी काही लिहिलं नाही. त्यांच्याविषयी जे लिहिलं ते इतरांनी, देणगीदारांसाठी किंवा अहवालासाठी. भूक होती हे नक्की. पण भूक होती म्हणून दुसरं काहीच नव्हतं, हे मी कशावरून ठरवलं?

रमाबाईंच्या आईवडिलांचाही बळी दुष्काळानेच घेतला होता, १८७० च्या दशकात. उपासमार, वणवण, देवांवरचा विश्वास उडणं, हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं होतं. त्यांच्या पालटाला आपण भुकेचा पालट म्हणत नाही. का? कारण त्यांनी लिहिलं. नवापूरकडच्या एखाद्या आजीच्या आजीने लिहिलं नाही, म्हणून तिला शून्य.

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्हाला घोकून घेतलं होतं, की माहिती नसणं आणि शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या जागी शून्य टाकलं की सरासरीच नासते. पावसाच्या आकड्यांत मी ही चूक कधी केली नसती. माणसांच्या बाबतीत केली, आणि ती करताना मला ती चूक वाटलीही नाही. लहानपणापासून ऐकलेलं एक वाक्य मी आकड्यांत लिहून मोकळा झालो होतो.

मग मी काय केलं?

तो रकाना काढून टाकला. त्याच्या जागी चार रकाने केले. एक, त्या व्यक्तीने प्रत्यक्ष काय केलं: बाप्तिस्मा, नाव बदल, जेवणाखाण्यातला बदल, परत जाणं. दोन, हे कुणी लिहून ठेवलं. तीन, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं. चार, त्या कृतीची काय किंमत मोजावी लागली, किंवा त्यातून काय मिळालं. चौथ्यात दोन्ही लिहितो. धान्य मिळालं तर तेही, आणि वाळीत टाकलं गेलं तर तेही. आधीच्या तक्त्यात मी फक्त मिळकत पाहिली होती.

मनात काय होतं, याचा रकाना नाही. प्रबंधात तसं स्पष्ट लिहीन.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तुमच्या विषयातही असा एखादा रकाना येईलच. विद्यार्थ्याची आवड, शेतकऱ्याचं समाधान, रुग्णाचा विश्वास, काहीही. मोजायला हरकत नाही. फक्त साधन कशाचं वाचन देतंय ते तपासा, आणि जिथे माहिती नाही तिथे शून्य टाकू नका. मार्गदर्शकांनी विचारायच्या आधी स्वतःला विचारा, हे कशावरून भरलं?

गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा आजीला सांगितलं, की तो रकाना काढला. तिला आठवतही नव्हतं. शेंगा मात्र याही वेळी होत्या, आणि या वेळी मीही सोलायला बसलो.